संकटकाळी कोणाचा शब्द चालतो?

नदीला पूर आला म्हणजे गावात दोन गोष्टी एकदम वाढतात. एक पाणी आणि दुसऱ्या बातम्या. पाणी किती वाढले ते पुलाच्या खांबावरच्या खुणा सांगतात. बातम्यांना तशी खूण नसते. अशा वेळी एरवी ज्याला कोणी फारसे विचारत नाही असा एखादा नावाडी किंवा नदीकाठचा गुराखी एकाएकी महत्त्वाचा माणूस होतो. चावडीवरची बडी मंडळी त्याच्याभोवती गोळा होतात, कारण वरच्या अंगाचे पाणी त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. पूर ओसरला की नावाडी पुन्हा नावाडी आणि पाटील पुन्हा पाटील!

या साध्या गोष्टीत इतिहासाचा एक मोठा प्रश्न दडलेला आहे. संकटकाळी शब्द कोणाचा चालतो? ज्याच्याकडे अधिकार आहे त्याचा, ज्याच्याकडे पैसा आहे त्याचा, की आणखी कोणाचा? फेसबुक, ट्विटर, व्हॉट्सअ‍ॅप ही समाजमाध्यमे लोकांच्या हाती आल्यापासून या प्रश्नाला नवी धार आली आहे. काल ज्यांचे नाव कोणाला ठाऊक नव्हते अशी माणसे संकटाच्या चार दिवसांत लाखो लोकांच्या विश्वासाची झालेली आपण पाहिली. आणि तशाच चार दिवसांत एका खोट्या निरोपापायी निरपराध माणसांचे प्राण गेलेलेही आपण पाहिले. हे वजन येते कुठून, टिकते कशावर आणि जाते कशाने, याचा विचार आज आपण प्रत्यक्ष घडलेल्या काही प्रसंगांवरून करू.

पहिला प्रसंग आपल्या घरचाच घेऊ. तो समाजमाध्यमांच्या कितीतरी आधीचा आहे. पण यंत्र बदलले तरी माणसाचा स्वभाव फारसा बदलत नाही, हे त्यावरून चटकन ध्यानात येईल. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’चा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी उजाडण्याच्या सुमारास गांधीजी, नेहरू, पटेल, आझाद असे सारे पुढारी सरकारने उचलले. वृत्तपत्रांच्या तोंडाला कुलपे लागली. आता कल्पना करा. चळवळ पेटलेली, पुढारी तुरुंगात, वर्तमानपत्रे मुकी, आणि सरकारी रेडिओ सरकारला सोयीचे तेवढेच सांगणारा. लोकांना तर हवे होते की काल बलियाला काय झाले, चिमूरला काय झाले, आणि उद्या आपण करायचे तरी काय!

ही जी पोकळी निर्माण झाली तिच्यात एक आवाज आला. ऑगस्टच्या अखेरीस ४२.३४ मीटरवर एक गुप्त केंद्र बोलू लागले. ‘काँग्रेस रेडिओ’ हे त्याचे नाव. चालवणारी मंडळी कोण? उषाबेन मेहता नावाच्या बावीस वर्षांच्या विद्यार्थिनी, विठ्ठलभाई झवेरी, चंद्रकांत झवेरी आणि त्यांचे सोबती. यंत्रसामग्रीच्या कामी शिकागो रेडिओच्या नानक मोटवाणींची मदत झाली आणि राममनोहर लोहियांसारख्या भूमिगत पुढाऱ्यांनी पाठबळ दिले. पोलिसांना माग लागू नये म्हणून प्रक्षेपण यंत्र मुंबईतल्या मुंबईत आज या घरात, उद्या त्या घरात असे हलत होते. विदर्भातल्या आष्टी-चिमूरच्या हकिकती छापायला वृत्तपत्रे धजत नव्हती, त्या या केंद्राने सांगितल्या. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी त्यावर झडप घातली. म्हणजे केंद्राचे आयुष्य तीन महिन्यांचेही नव्हे. पण त्या दिवसांत मोठ्या पगाराच्या अधिकाऱ्यांच्या पत्रकांपेक्षा या तरुण मंडळींच्या शब्दाला वजन होते.

का होते? तीन कारणे दिसतात. पहिले कारण, लोकांना ज्याची तहान लागली होती ते सांगणारे दुसरे कोणी नव्हते. दुसरे कारण, बातमी त्या ठिकाणाहून आलेल्या माणसाकडून मिळवण्याची या मंडळींची खटपट असे. घरात बसून रचलेली ती नसे. आणि तिसरे कारण सर्वांत मोठे. बोलणाऱ्याने आपली मान पणाला लावली होती, हे ऐकणाऱ्याला ठाऊक होते. उषाबेनना पुढे चार वर्षांची शिक्षा झाली. शिवाय आणखी एक गोष्ट आहे. त्या काळी रेडिओ फारच थोड्या घरांत होते. एका घरात ऐकलेले दहा घरांत कर्णोपकर्णी पोचे. म्हणजे आज आपण ज्याला ‘फॉरवर्ड करणे’ म्हणतो ते काम तेव्हा शेजारीपाजारी तोंडाने करीत.

आता एकदम पासष्ट वर्षे पुढे येऊ आणि अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उतरू. देश केनिया. २७ डिसेंबर २००७ रोजी तेथे राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली. मतमोजणीत घोटाळ्याचे आरोप झाले. ३० तारखेला म्वाई किबाकी विजयी झाल्याचे जाहीर झाले आणि त्याच संध्याकाळी घाईघाईने त्यांचा शपथविधी उरकला. देशात दंगली उसळल्या. सरकारने लगोलग रेडिओ-दूरचित्रवाणीवरील थेट प्रक्षेपणाला बंदी केली. पुढच्या काही आठवड्यांत एक हजाराहून अधिक माणसे मेली आणि लाखो बेघर झाली. पण कोणत्या गावात काय चालले आहे, कोणता रस्ता सुरक्षित आहे, हे सांगायला अधिकृत तोंड कोणतेच मोकळे नव्हते.

ओरी ओकोलो या तरुण केनियन वकील बाई इंटरनेटवर आपली रोजनिशी लिहीत असत. दंगलीच्या दिवसांत लोक आपापल्या गावच्या हकिकती त्यांच्याकडे पाठवू लागले. एकट्या माणसाने किती पुरे पडावे? जानेवारी २००८ च्या आरंभी त्यांनी जाहीर विचारले की, या घटना देशाच्या नकाशावर टिपता येतील असे साधन कोणी तयार करून देईल काय? एरिक हर्समन, ज्युलियाना रोटिच, डेव्हिड कोबिया अशी मंडळी पुढे आली आणि थोड्याच दिवसांत एक संकेतस्थळ उभे राहिले. नाव ठेवले ‘उशाहिदी’. स्वाहिली भाषेत उशाहिदी म्हणजे साक्ष. आपल्या ‘शाहिदी’ची आठवण होते ना? दोन्ही शब्दांचे मूळ अरबीत आहे.

काम कसे चाले ते पाहण्यासारखे आहे. खेड्यातला माणूस साध्या मोबाइलवरून दोन ओळींचा संदेश पाठवी: अमक्या ठिकाणी जाळपोळ झाली, तमक्या ठिकाणी रस्ता अडवला आहे. ती हकिकत नकाशावर त्या जागी ठिपक्याच्या रूपाने येई. पण स्वयंसेवक तेवढ्यावर थांबत नसत. दुसरीकडून आलेल्या माहितीशी ती ताडून पाहत आणि पडताळा मिळाला आहे की नाही हे तेथेच नोंदवीत. म्हणजे ‘हे आम्हाला कळले आहे, पण खात्री झालेली नाही’ असे म्हणण्याची त्यांना लाज वाटत नव्हती. माझ्या मते त्यांच्या वजनाचे खरे रहस्य यात आहे. सर्वज्ञपणाचा आव आणणारा माणूस एकदा खोटा पडला की कायमचा पडतो. जेवढे ठाऊक तेवढेच सांगणाऱ्याला मात्र लोक दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायला येतात.

हे चित्र एकाच रंगाचे नव्हते, हेही सांगितले पाहिजे. त्याच दिवसांत त्याच मोबाइलवरून अमुक जमातीच्या लोकांना हाकलून द्या, अशी विषारी चिथावणीही फिरत होती. संदेशसेवाच बंद करून टाकावी असा विचार सरकारात चालला होता. त्याऐवजी तेथल्या सफारीकॉम या दूरध्वनी कंपनीने आपल्या ग्राहकांना शांततेचे आवाहन करणारे संदेश पाठवले. साधन एक आणि उपयोग दोन. सुरीने भाजीही चिरते आणि बोटही, त्याला सुरी काय करील?

दोन वर्षांनी, १२ जानेवारी २०१० रोजी, हैती देशात भीषण भूकंप झाला आणि राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स जमीनदोस्त झाली. तेथे लोकांना मदत मागण्यासाठी ४६३६ हा मोबाइलचा लघुक्रमांक देण्यात आला. संदेश येऊ लागले ते तेथल्या क्रिओल बोलीत; आणि बाहेरून मदतीला आलेल्या बहुतेक पथकांना ती बोली येईना! तेव्हा परदेशांत राहणारे हैतीचे लोक पुढे सरसावले. त्यांनी घरबसल्या त्या संदेशांचे भाषांतर केले आणि कोणती गल्ली, कोणते देऊळ, कोणती शाळा हे ओळखून नकाशावर जागा दाखवल्या. हजारो मैलांवरच्या या साध्या माणसांना त्या आठवड्यात जे मोल आले ते कशाचे? भाषेचे आणि ओळखीच्या गल्ल्यांचे. संकटात जवळीक म्हणजे केवळ अंतराची जवळीक नव्हे, हा धडा यातून मिळतो.

आता ज्या प्रसंगाची जगभर सर्वाधिक चर्चा झाली त्याकडे वळू. इजिप्तमधील अलेक्झांड्रिया शहरात ६ जून २०१० रोजी खालिद सईद नावाच्या अठ्ठावीस वर्षांच्या तरुणाला पोलिसांनी इंटरनेटच्या दुकानातून ओढून काढले आणि मरेपर्यंत मारले. मादक पदार्थाची पुडी गिळताना गुदमरून तो मेला, असे सरकारी म्हणणे पडले. पण शवागारातले त्याच्या विद्रूप चेहऱ्याचे छायाचित्र बाहेर आले आणि सरकारी म्हणणे तिथल्या तिथे कोसळले. गूगल कंपनीत नोकरी करणारे वाएल घोनिम तेव्हा दुबईत होते. त्यांनी आपले नाव न सांगता फेसबुकवर एक पान उघडले. त्याचे नाव होते, ‘आपण सारे खालिद सईद’.

हे पान लाखोंचे कसे झाले? घोनिम काही पुढारी नव्हते, वक्ते नव्हते. पण त्यांनी दोन-तीन शहाणपणाच्या गोष्टी केल्या. व्याख्यानातली ग्रांथिक अरबी सोडून ते कैरोच्या रस्त्यावरच्या बोलीत लिहीत. लिहिण्याचा सूर असा की जणू खालिदच बोलतो आहे. आणि पुढे काय करावे हे आपणच फर्मावण्याऐवजी ते वाचकांची मते मागवीत. पहिले पाऊलही बेताचेच टाकले: काळे कपडे घालून समुद्रकिनाऱ्यावर नुसते मूक उभे राहायचे. घोषणा नाही, मोर्चा नाही. भिणाऱ्या माणसाला भीती न वाटेल एवढेच पाऊल! आपल्यासारखे आणखीही कितीतरी लोक आहेत, हे त्या रांगेत उभे राहिल्यावर प्रत्येकाला कळले. जुलमी राजवटीत प्रत्येकाला वाटत असते की आपण एकटेच चिडलेलो आहोत. हा समज मोडला की अर्धी लढाई होते.

डिसेंबर २०१० मध्ये ट्युनिशियात मोहंमद बुआझिझी या फळविक्रेत्याने पोलिसी जाचाला कंटाळून स्वतःला पेटवून घेतले आणि १४ जानेवारी २०११ रोजी तेथला अध्यक्ष बेन अली देश सोडून पळाला. इजिप्तमध्ये २५ जानेवारी हा सरकारी ‘पोलीस दिन’. त्याच दिवशी रस्त्यावर या, अशी हाक त्या पानावरून गेली. अस्मा महफूज या तरुणीने तर आपला चेहरा उघडपणे दाखवून, नाव सांगून, ‘मी जाणार आहे, तुम्हीही या’ अशा आशयाची ध्वनिचित्रफीत इंटरनेटवर टाकली. गुप्त पोलिसांच्या देशात एका मुलीने असे करणे म्हणजे काय, हे ऐकणाऱ्यांना समजावून सांगावे लागले नाही.

मग सरकारने काय करावे? २७ जानेवारीची मध्यरात्र उलटताच जवळजवळ साऱ्या देशाचे इंटरनेट बंद केले! सरकारचा हिशेब असा की निरोप थांबले म्हणजे माणसे थांबतील. झाले उलटेच. घरात काही कळेनासे झाल्यावर लोक काय चालले आहे ते पाहायला रस्त्यावर आले, आणि एकदा आले ते परत गेले नाहीत. २ फेब्रुवारीला इंटरनेट पुन्हा सुरू करावे लागले. दरम्यान घोनिम यांना पोलिसांनी उचलले होते. ७ फेब्रुवारीला त्यांची सुटका झाली आणि त्याच रात्री दूरचित्रवाणीवर मुलाखत देताना, मेलेल्या तरुणांची छायाचित्रे पाहून ते ढसढसा रडले. दुसऱ्या दिवशी ताहरीर चौकात तोवरच्या मोठ्यात मोठ्या समुदायांपैकी एक जमला. ११ फेब्रुवारीला होस्नी मुबारक यांची सुमारे तीस वर्षांची सत्ता संपली. या अठरा दिवसांत आठशेंहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली होती.

येथे थोडे थांबून विचार करू. घोनिम यांचे वजन फेसबुकने निर्माण केले असे म्हणणे सोपे आहे. पण ते अर्धेच खरे आहे. फेसबुक वापरणारे लक्षावधी होते, त्यातले कितीसे लोक ऐकले गेले? लोकांनी ऐकले ते त्यांच्या भाषेत बोलणाऱ्याचे, आणि शेवटी तुरुंगात जाऊन आलेल्याचे. आणि त्या मुलाखतीचा परिणाम झाला तो दूरचित्रवाणीमुळे, ज्यांच्या घरी संगणक नव्हता अशा आईबापांवर. नवे माध्यम जुन्या माध्यमाच्या खांद्यावर चढूनच घरोघर पोचते.

आता या गोष्टीचा उत्तरार्ध ऐका, कारण तो फारसा कोणी सांगत नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस सुरू झालेल्या संसदेच्या निवडणुकीत चौकातल्या तरुणांच्या पदरी अगदी थोड्या जागा पडल्या. दोन-तृतीयांशांहून अधिक जागा धार्मिक पक्षांनी जिंकल्या. त्यांतला प्रमुख पक्ष ‘मुस्लिम ब्रदरहुड’चा. या संघटनेची स्थापना १९२८ मधली. गावोगावी तिचे दवाखाने, तिच्या शाखा, तिची माणसे. जुलै २०१३ मध्ये लष्कराने तीही राजवट उलथून टाकली आणि सत्ता पुन्हा बंदुकीकडे गेली. पुढे घोनिम यांनीच जाहीरपणे सांगितले की ज्या साधनाने आम्हाला एकत्र आणले त्यानेच पुढे अफवा आणि द्वेष पसरवून आमच्यात फूट पाडली.

यावरून काय दिसते? संकटात मिळालेले वजन हे उसने असते. संकटाने ते दिलेले असते आणि संकट ओसरले की ते परत मागितले जाते. माणसे गोळा करणे निराळे आणि गोळा झालेल्या माणसांना वर्षानुवर्षे एका कामाला जुंपणे निराळे. पहिल्याला चार दिवस पुरतात, दुसऱ्याला पिढी लागते. पूर ओसरल्यावर नावाडी पुन्हा नावाडी होतो असे मी आरंभी म्हटले, ते याच अर्थाने.

आता आपल्याकडे परत येऊ. येथे मला दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवायचे आहेत. एक काळाकुट्ट आहे आणि दुसरा उजळ.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या गावी आठवड्याचा बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे पाच जण तेथे आले होते. मूळचे सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे. भिक्षुकी हा त्यांचा परंपरेचा व्यवसाय. त्याआधी काही आठवडे देशाच्या अनेक भागांत ‘मुले पळवणारी टोळी आली आहे’ असे निरोप व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत होते. जमावाने या पाच जणांना मुले पळवणारे ठरवले, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले आणि ठेचून मारले. त्यांचा दोष एवढाच की ते परके होते आणि अफवा त्यांच्या आधी गावात पोचली होती.

त्या वर्षी फिरणाऱ्या ध्वनिचित्रफितींपैकी एकीची कथा ऐकून अंगावर काटा येतो. मोटारसायकलवरून आलेले दोघे एका मुलाला उचलून नेतात, असे तिच्यात दिसे. वास्तविक ती फीत पाकिस्तानातील कराची शहरातल्या एका संस्थेने, पालकांनी मुलांची काळजी घ्यावी म्हणून, नट उभे करून तयार केली होती. शेवटी मूल परत आणून सोडतात आणि संदेशाची पाटी दिसते. कोणीतरी तो शेवट कापून टाकला आणि उरलेला भाग खरी घटना म्हणून सोडून दिला. सावध करण्यासाठी केलेली वस्तू शेपूट कापताच माणसे मारू लागली! राईनपाड्याच्या घटनेनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली.

दुसरा प्रसंग २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांतला. करोनाची दुसरी लाट. मेच्या आरंभी देशात एका दिवसात चार लाखांहून अधिक नवे रुग्ण नोंदले जाऊ लागले. ऑक्सिजन कुठे आहे, खाट कुठे मोकळी आहे, औषध कुठे मिळेल, याची उत्तरे नेहमीच्या दारांवर मिळेनाशी झाली. तेव्हा कॉलेजातली मुले-मुली, नोकरदार, गृहिणी अशा असंख्य लोकांनी समाजमाध्यमांवर ते काम अंगावर घेतले. त्यांतल्या काहींच्या याद्यांवर लोकांचा विश्वास बसला, काहींच्या नाही. फरक कशात होता? ज्यांच्या यादीत दूरध्वनी क्रमांकापुढे ‘आज सकाळी साडेदहाला फोन करून खात्री केली’ असे लिहिलेले असे, त्यांची यादी चाले. काल रात्री मोकळी असलेली खाट आज सकाळी मोकळी असेलच असे नाही, हे त्यांना कळत होते. वेळेची ती एवढीशी नोंद मोठमोठ्या पदव्यांपेक्षा भारी ठरली. याउलट अशाच याद्यांत शिरून आगाऊ पैसे उकळणारे भामटेही निघालेच.

अशा वेळी मदत मागणाऱ्या नागरिकांवरच ‘खोटी तक्रार करता’ म्हणून कारवाई होण्याची भीती निर्माण झाली होती. ३० एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट बजावले की समाजमाध्यमांवर आपले गाऱ्हाणे मांडणाऱ्यांची मुस्कटदाबी करता कामा नये. तसे केल्यास तो न्यायालयाचा अवमान समजला जाईल. लोकांचे बोलणे ही संकटात सरकारला मिळालेली माहिती आहे, तो सरकारवरचा हल्ला नव्हे, हा विचार त्यामागे होता आणि तो मोलाचा आहे.

हे दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहा. साधन तेच, माणसेही आपलीच, घबराटही तशीच खरी. आईबापांना मुलांची काळजी वाटणे हे काही पाप नव्हे. पण राईनपाड्याला पोचलेल्या निरोपाला ना कर्ता होता, ना जागा, ना वेळ. तो खोटा निघाला तर पाठवणाऱ्याचे काही जाणार नव्हते. जाणार होते ते दुसऱ्याचे. २०२१ च्या यादीखाली मात्र कोणाचे तरी नाव होते, वेळ होती, आणि क्रमांक चुकीचा निघाला तर रात्री दोन वाजता त्याच माणसाला लोकांची बोलणी खावी लागत होती. काँग्रेस रेडिओपासून ताहरीर चौकापर्यंत पाहिले तरी हेच दिसते. ज्याच्या शब्दामागे त्याची स्वतःची जोखीम आहे, त्याच्या शब्दाला वजन येते. बिनजोखमीचा शब्द फक्त पसरतो.

पसरणे आणि वजन असणे या दोन गोष्टींची आपण फार गल्लत करतो. लाख लोकांनी पाहिले म्हणजे लाख लोकांनी मानले असे नाही, आणि लाख लोकांनी मानले म्हणजे ते खरे ठरते असे तर मुळीच नाही. म्हणून वाचकहो, पुढच्या संकटात आपल्या हातातल्या फोनवर एखादा निरोप आला, तर तो पुढे ढकलण्याआधी चार प्रश्न विचारावेत. हे कोण सांगतो आहे? कुठून सांगतो आहे? केव्हाचे सांगतो आहे? आणि खोटे निघाले तर त्याचे स्वतःचे काय जाणार आहे? चारांपैकी एकाचेही उत्तर नसेल, तर तो निरोप आपल्यापाशीच थांबू द्यावा. काही निरोप पोचवण्यात पुण्य असते, तसे काही अडवण्यातही असते.

आणि अधिकाराच्या जागी बसलेल्यांनाही याच इतिहासाचा एक निरोप आहे. वर सांगितलेल्या संकटांत पोकळी आधी झाली आणि आवाज मागून आला. मुंबईत वृत्तपत्रांना कुलूप घालून ती पोकळी केली गेली, केनियात थेट प्रक्षेपण थांबवून, इजिप्तमध्ये तर साऱ्या देशाची तार तोडून. आपल्याकडच्या दोन्ही प्रसंगांत ती कोणी मुद्दाम केली नव्हती. पण ज्याने वेळेवर आणि मोठ्याने बोलायचे, त्याचा शब्द लोकांपर्यंत पोचला नाही, हे खरेच. अशी रिकामी जागा कोणीतरी भरणारच. ती उषाबेन मेहता भरतील की शेपूट कापलेली एखादी ध्वनिचित्रफीत भरील, हे मग आपल्या हातात राहत नाही. सरकारी माहिती वेळेवर आली, खरी आली, आणि ‘एवढे कळले आहे, एवढे अजून कळलेले नाही’ इतक्या प्रामाणिकपणे आली, तर अफवेला शिरायला फट मिळणे कठीण जाते. वरच्या अंगाला पाणी किती चढले आहे हे खालच्या गावाला वेळेवर कळवणे, हे जुन्या काळी पाटलाचे काम होते. आज ते ज्याचे असेल त्याने ते करावे.